सूचनाफलकावरचा हरवलेला कर्ता

महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर दर सत्रात एक वाक्य लागते. शब्द थोडेफार बदलतात, सांगाडा तोच असतो: ‘सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की, परीक्षा शुल्क विहित मुदतीत भरावे. मुदतीनंतर शुल्क स्वीकारले जाणार नाही व होणाऱ्या नुकसानीस विद्यार्थी स्वतः जबाबदार राहील, याची नोंद घ्यावी.’ महाविद्यालय औशाचे असो, नांदेडचे असो की पुण्याचे, एखाद्या गाजलेल्या कादंबरीलाही लाभणार नाही इतका वाचकवर्ग या वाक्याला आयता मिळतो. समीक्षक मात्र त्याला एकही मिळालेला नाही.

वाक्य नीट वाचावे. सूचित कोण करते? मुदत कोणी ‘विहित’ केली? शुल्क कोण स्वीकारणार नाही? ‘करण्यात येते’, ‘स्वीकारले जाणार नाही’, ‘होणाऱ्या’ या क्रियारूपांच्या आड प्राचार्य, कार्यालय, विद्यापीठ असे सगळेच अंतर्धान पावतात. आणि शेवटी, दोष वाटून देण्याची वेळ आली की, प्रथमा विभक्तीत, ‘स्वतः’ या शब्दाचे बळ घेऊन वाक्यातला एकमेव ठसठशीत कर्ता अवतरतो: विद्यार्थी. (विद्यार्थिनी तेवढ्यापुरतीही दिसत नाही.) अधिकार निनावी आणि जबाबदारी नावानिशी, अशी ही वाटणी आहे. ती व्याकरणाने केलेली असल्यामुळे कोणाला खुपत नाही.

संहिता वाचणे हा ज्यांचा व्यवसाय, त्या आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना तरी ती खुपायला हवी होती. पण आमच्या विभागांत दोन कप्पे आहेत. एका कप्प्यात वाङ्मयप्रकारांची चिकित्सा चालते: बखर, आख्यानकाव्य, लावणी, कादंबरी. दुसऱ्या कप्प्यात, ‘व्यावहारिक’ किंवा ‘उपयोजित’ मराठी या नावाखाली, अर्ज, सूचना, इतिवृत्त आणि अहवाल यांचे नमुने पाठ करून घेतले जातात. पहिल्या कप्प्यात चिकित्सा आहे, पण संहिता बहुधा जुन्या काळाच्या. दुसऱ्यात संहिता आजच्या आहेत, पण चिकित्सेला मज्जाव आहे. तिथे विद्यार्थ्याने एवढेच शिकायचे की विषय मध्यभागी लिहावा आणि ‘आपला आज्ञाधारक’ उजवीकडे.

या वाटणीला वाङ्मयीन आधार तरी काय? रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले ‘आज्ञापत्र’ आम्ही मराठी गद्याचा अभिजात नमुना म्हणून शिकवतो. ते मुळात राजशासनाचे लेखन आहे. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहिली गेली. म्हणजे दरबारी कामकाजातून निघालेला कागद तीनशे वर्षे जुना झाला की वाङ्मय होतो, आणि आज सकाळी फलकावर चिकटवलेला कागद मात्र नुसती नोटीस ठरतो! मिखाईल बाख्तिनने १९५२-५३ च्या सुमारास लष्करी हुकूम, कचेरीतले दस्तऐवज आणि रोजचे बोलणे यांनाही आपापले प्रकार-संकेत असतात, हे सविस्तर मांडले. आमच्या चर्चासत्रांत बाख्तिनचे नाव निघते ते कादंबरीपुरते. चर्चासत्राच्या दाराबाहेरचा फलक वाचायला तो आमच्या कामी येत नाही.

हे सारे इतरांना सुनावण्याचा अधिकार मला नाही, कारण या पापात मी वाटेकरी आहे. काही वर्षांपूर्वी किल्लारी रस्त्यावरच्या एका खेड्यातली द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी माझ्याकडे एक कागद घेऊन आली. विलंब शुल्क माफ व्हावे म्हणून तिने लिहिलेला अर्ज कार्यालयाने परत केला होता. ‘अर्ज असा नसतो. सरांकडून नीट लिहून आण,’ असे तिला सांगण्यात आले होते. (बघा, मलाही ‘सांगण्यात आले’ हेच सुचते.) तिने लिहिले होते ते साधारण असे: शुल्काची मुदत दसऱ्याआधी संपते. आमच्या सोयाबीनची पट्टी आडत्याकडून दसऱ्यानंतर मिळते. पैसे आले त्याच दिवशी मी भरायला आले. गावातल्या आणखी चौघींचे असेच झाले आहे. तरी मुदत पंधरा दिवस पुढे घ्यावी.

मी तो अर्ज ‘नीट’ करून दिला. ‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, माझी घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून काही अपरिहार्य कारणास्तव मी विहित मुदतीत शुल्क भरू शकले नाही. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’ अर्ज मंजूर झाला. तिने आभार मानले. मला त्या दिवशी बरेही वाटले.

आज तो प्रसंग आठवला की मी काय नष्ट केले ते दिसते. तिच्या मूळ कागदात एक युक्तिवाद होता. सार्वजनिक हिताचा निर्णय कसा व्हावा याविषयीचे भाषण हा ॲरिस्टॉटलने वक्तृत्वाच्या तीन प्रकारांत गणलेला एक प्रकार. तिचा कागद त्या जातीचा होता. त्यात पिकाचे वेळापत्रक होते, कचेरीचे वेळापत्रक होते, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही हे निरीक्षण होते. ते पाचजणींच्या वतीने बोलत होते. मी त्याचे रूपांतर एका मुलीच्या दैन्यात केले. ‘मुदत चुकीची आहे’ हे विधान ‘मी गरीब आहे’ या विधानात विरघळवून टाकले. उरलेल्या चौघींना त्याचा काही उपयोग राहिला नाही. त्यातही ‘हलाखी’ हा शब्द अर्जात इतका ठरीव झाला आहे की जिच्या घरी खरोखर चूल पेटत नाही तिलाही तोच लिहावा लागतो, आणि वाचणारा तो वाचतही नाही.

पीक आणि शुल्क यांचा संबंध त्या मुलीने कल्पनेने जोडलेला नव्हता. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा दिलेल्या सवलतींत विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफीही होती. शासननिर्णयात जे कारण धोरण म्हणून शोभते, ते विद्यार्थिनीच्या अर्जात आले की ‘अर्ज असा नसतो’ हे उत्तर मिळते.

यावर ठरलेला आक्षेप येईल: औपचारिक लेखनाला साचा लागतोच, आणि नम्रता हा शिष्टाचार आहे. साचा लागतो हे मान्य. ओवी आणि अभंग हेही साचेच आहेत. प्रश्न एवढाच की साचा बोलणाऱ्याला काय बोलू देतो. आपल्या अर्जाच्या साच्यावर तीन राजवटींची पुटे आहेत. ‘अर्ज’ आणि ‘मेहेरबान’ हे शब्द फारसीतून आले. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या संस्थानात होता, आणि उर्दू दरख्वास्तीत अर्जदार स्वतःला ‘फिदवी’ म्हणवून घेई. ‘आज्ञाधारक’ ही इंग्रजी अमलातल्या पत्रव्यवहाराची देणगी. राजवटी गेल्या, पण हात जोडण्याची ती मुद्रा आम्ही परीक्षेत पाच गुणांना विचारतो.

साचा बदलला की बोलणाऱ्याची पायरी बदलते, याचा दाखला दूर शोधायला नको. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ पाहावा. त्याच्या कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला माहिती मागण्याचे कारण विचारता येत नाही. महाराष्ट्रातला जोडपत्र ‘अ’चा नमुना हाही साचाच आहे, पण दहा रुपयांच्या त्या अर्जात हलाखीला जागा नाही, सहानुभूतीची याचना नाही. आणि त्याच्याही फार आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. ते इंग्रजीत होते, पण त्यातला मुद्दा कोणत्याही भाषेत तेवढाच ताठ उभा राहतो: सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. तिथे मागणाऱ्याने देणाऱ्याकडे हिशेब मागितला आहे.

विद्यार्थी संघटनांची निवेदने तरी या वाटेने जातात का? ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील.’ हे सूचनेचेच वाक्य आहे, फक्त उलटे टांगलेले. छेडणारा कोण, हे इथेही गुलदस्त्यात. त्यावर उत्तर येते: ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ दोन्ही बाजूंनी कर्ताच हरवला, मग भांडण तरी कोणाचे कोणाशी आहे?

‘एवढ्याशा कागदांत काय आहे?’ असे निदान मराठवाड्यात कोणी विचारू नये. विद्यापीठाचे नाव बदलण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी संमत झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत शीर्षपत्रावरच्या एका नावासाठी माणसे मारली गेली, दलितांची घरे जळाली, तरुण तुरुंगात गेले. कागदावर कोणाचे नाव यावे आणि कोणाचे येऊ नये, याची किंमत या भूमीने मोजलेली आहे. तिथल्या मराठी विभागांनी कागद वाचायला नकार द्यावा, ही उदासीनता निरागस नाही.

माझी मागणी छोटी आहे. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिकेतून नमुन्यांचे पाठांतर काढावे आणि विद्यार्थ्यांनी आपल्याच महाविद्यालयातल्या वर्षभराच्या सूचना, अर्ज, अहवाल गोळा करून वाचावेत. प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारावेत: यातला कर्ता कोठे गेला? या साच्यात कोणाला काय मागता येते? आणि कोणते कारण इथे लिहिताच येत नाही? बखरीला हे प्रश्न विचारायला आम्ही शिकवतोच. ते फलकाला विचारले की कार्यालय नाराज होईल, आणि आम्हाला भीती वाटते ती त्याचीच.

ती विद्यार्थिनी पदवी घेऊन केव्हाच गेली. तिचा मूळ कागद मी जपून ठेवला नाही. शुल्काची मुदत अजूनही दसऱ्याआधीच संपते. ती कोणी ठरवली, हे सूचनेत लिहिलेले नाही.