श्रद्धेनं शंकेला का घाबरावं?

धर्माविषयी शंका विचारणाऱ्याचं आपल्याकडे काय होतं, हे सांगायला फार लांब जावं लागत नाही. घरात विचारली तर ‘असलं बोलू नकोस, ईमान जाईल’ असं ऐकावं लागतं. मोहल्ल्यात विचारली तर ‘कुणाच्या संगतीत असतोस हल्ली?’ अशी उलटतपासणी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारली तर अर्ध्या तासात मुनाझिऱ्याचे चार व्हिडिओ येऊन पडतात. दुसऱ्या बाजूला बुद्धिवादी मित्रांच्या बैठकीत कुणी नमाज पढतो असं कळलं की ‘एवढं शिकूनसुद्धा?’ असा भाव चेहऱ्यांवर उमटतो.

या दोन्ही बाजू एकमेकींच्या विरोधात दिसतात, पण त्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे. विचार आणि श्रद्धा एका घरात नांदू शकत नाहीत, असं दोघांनाही वाटतं. मला हे पटत नाही. याचा सगळ्यात ठोस दाखला मला महाराष्ट्राच्याच इतिहासात सापडतो. तो एका ख्रिस्ती बाईचा आहे, तिचं नाव पंडिता रमाबाई. मुसलमानानं तिच्याविषयी का लिहावं, असं कुणाला वाटेल. मला वाटतं, लिहिलंच पाहिजे. तिच्या वाटेवर आपल्यालाही शिकण्यासारखं बरंच आहे.

भुकेतून आलेली शंका

रमाबाईंचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते आणि बायकोला संस्कृत शिकवण्याचं ‘पाप’ त्यांनी केलं होतं. तीर्थक्षेत्रांत पुराणं सांगत हे कुटुंब देशभर फिरलं. आईकडून शिकलेल्या रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत होते. मग 1876-77च्या दुष्काळानं हे घर होत्याचं नव्हतं झालं. दानधर्म, उपवास, जप, तीर्थस्नान, सगळं करून झालं. देव बोलला नाही. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास पायपीट करत राहिले आणि 1878मध्ये कलकत्त्याला पोचले.

तिथल्या पंडितांनी या तरुण मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ज्या शास्त्रांच्या ज्ञानासाठी हा गौरव झाला, त्यांच्यावरचा रमाबाईंचा विश्वास मात्र तोवर डळमळला होता. पुढे केशवचंद्र सेनांनी त्यांना वेद वाचायला दिले. धर्मशास्त्रं त्या नव्यानं अभ्यासू लागल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की शास्त्रकारांची बाकी सगळ्या बाबतींत मतभिन्नता असली, तरी स्त्रिया आणि शूद्र हीन आहेत यावर बहुतेकांचं एकमत आहे.

या बाईची शंका पाश्चात्त्य पुस्तकांतून आलेली नव्हती. ती भुकेतून आणि अपमानातून आली होती. शंका घेणाऱ्यांपैकी निदान काही जण तरी कुठेतरी पोळून आलेले असतात, हे आपण लक्षातच घेत नाही. वाद जिंकायला बसणाऱ्याला समोरच्याची जखम दिसत नाही.

बाप्तिस्म्यानंतरचे प्रश्न

रमाबाईंनी 1880मध्ये जातीबाहेर लग्न केलं. 1882मध्ये पती वारले, पदरात लहानगी मनोरमा होती. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि 1883मध्ये इंग्लंड गाठलं. तिथे वाँटेजला अँग्लिकन पंथाच्या सिस्टर्सकडे त्या राहिल्या. नाडल्या गेलेल्या, समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना या सिस्टर्स माणुसकीनं सांभाळतात, हे लंडनमध्ये पाहून त्या हलल्या. आपल्या शास्त्रांत अशा बाईला जागा कुठे आहे, हा प्रश्न त्यांना पडला. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

अनेकांना वाटतं, गोष्ट इथे संपते. खरं तर ती इथून पुढे जास्त महत्त्वाची होते. बाप्तिस्मा झाला म्हणून रमाबाईंनी डोकं गहाण ठेवलं नाही. त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल त्यांनी प्रश्न विचारले. चर्चचे अधिकारी सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानायला त्यांनी नकार दिला. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटून दुसरीच्या जोखडात मान अडकवायची नाही, असा त्यांचा रोख होता. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या चिडल्या. शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, हेही त्यांनी विचारलं.

यावर दोन प्रकारची उत्तरं मिळाली. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार आणि आज्ञाभंग दिसला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी वेगळी भूमिका घेतली. या बाईच्या बुद्धीला आणि विवेकाला पटल्याशिवाय तिची श्रद्धा खरी होणार नाही, तिला विचार करू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. रमाबाई अखेर श्रद्धेपर्यंत पोचल्या, त्यात मला बीलबाईंच्या धीराचा वाटा मोठा वाटतो. आपल्या मोहल्ल्यांत जेराल्डीन पुष्कळ आहेत, बील शोधून सापडत नाहीत.

पुढे 1907मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी एक विलक्षण फरक सांगितला आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांचं म्हणणं आहे. तो मिळायला त्यानंतर सुमारे आठ वर्षं गेली. म्हणजे धर्माचं नाव बदलणं हा एक प्रसंग असतो. आपण कोण आहोत आणि कुणापुढे झुकतो आहोत, हे उमगणं हा दीर्घ प्रवास असतो.

टाळ्या वाजवण्याची घाई

त्रैक्यावरच्या रमाबाईंच्या शंका वाचून आपल्यातल्या काहींना आनंद होईल. ‘बघा, आम्ही तेच तर म्हणतो!’ ही घाई नको. रमाबाई आपल्या बाजूला आल्या नाहीत. शंकांमधून वाट काढत त्या येशूला तारणहार मानण्यापर्यंत पोचल्या. आपल्यासाठी हजरत ईसा (अ.) अल्लाहचे पैगंबर आहेत, मरियमचे पुत्र आहेत. हा फरक खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्याच्या प्रवासातले फक्त आपल्या सोयीचे मुक्काम उचलणं ही अप्रामाणिकता आहे.

हीच अप्रामाणिकता धर्मांतराच्या बाबतीतही दिसते. कुणी आपल्याकडे आलं की ‘सत्याचा विजय’, कुणी आपल्याकडून गेलं की ‘पैशाची लालूच’. सगळेच समाज असं बोलतात. रमाबाईंच्या वाट्याला हे भरपूर आलं. 1893मध्ये शारदासदनातल्या काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याचा गवगवा झाला. ‘केसरी’नं टीका केली, सल्लागार मंडळावरच्या रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं. त्याआधीच, 1885मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली होती, हेही विसरता कामा नये.

आज अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत. माणूस, विशेषतः बाई, स्वतः विचार करून धर्म बदलूच शकत नाही, तिला कुणीतरी फसवलेलंच असणार, ही त्यामागची समजूत आहे. रमाबाईंचं आयुष्य हे या समजुतीला सरळ उत्तर आहे. त्या संस्कृतच्या पंडिता होत्या. बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो निराधार मुली-बायकांना त्यांनी आसरा दिला आणि 1922मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राबल्या. अशा बाईला कोण फूस लावणार? या कायद्यांवर आपण योग्यच आक्षेप घेतो. पण आपल्या घरातली मुलगी प्रश्न विचारू लागली की आपलीही तीच समजूत असते: हिला कुणीतरी भडकवलंय.

आपल्या परंपरेत काय आहे?

शंकेचं हे भय आपल्या दीनमधून आलेलं नाही. कुरआनात हजरत इब्राहिम (अ.) अल्लाहला विचारतात की तू मेलेल्यांना जिवंत कसं करतोस, ते मला दाखव. तुझा विश्वास नाही का, असं विचारल्यावर ते म्हणतात की विश्वास आहे, पण मनाचं समाधान हवं आहे. या प्रश्नाबद्दल त्यांना शिक्षा झालेली नाही, उत्तर मिळालं आहे. उलट, बापजादे ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं आम्ही जाणार, असं म्हणणाऱ्यांची कुरआन कानउघाडणी करतं.

इमाम गझालींनी तर स्वतःच्या संशयाचा काळ लिहूनच ठेवला आहे. इंद्रियांवरचा आणि बुद्धीवरचा विश्वास उडाला, तो संशय जवळपास दोन महिने टिकला आणि युक्तिवादानं नव्हे तर अल्लाहनं हृदयात टाकलेल्या प्रकाशानं तो गेला, असं ते सांगतात. पुढे 1095मध्ये बगदादच्या निजामियातलं मानाचं अध्यापकपद सोडून ते बाहेर पडले. असं लिहिणाऱ्याला आपण ‘हुज्जतुल इस्लाम’ म्हणतो आणि तसंच बोलणाऱ्या कॉलेजच्या पोराला ‘गुमराह’.

आणखी एक योगायोग सांगतो. रमाबाईंचा हा सगळा पत्रव्यवहार 1977मध्ये पुस्तकरूपानं आला. त्याचे संपादक होते अ. भि. शहा, इंडियन सेक्युलर सोसायटीच्या कामात हमीद दलवाईंचे सहकारी. दलवाई त्याच वर्षी गेले. शहा पक्के बुद्धिवादी होते, तरी एका श्रद्धावान बाईची पत्रं त्यांना जपण्यासारखी वाटली. दलवाईंच्या अनेक मतांशी माझे मतभेद आहेत. पण त्यांच्या प्रश्नांना आपल्या समाजानं बहिष्कारानं उत्तर दिलं आणि ते प्रश्न अजून तसेच पडून आहेत.

शंका दाबली म्हणजे ती संपत नाही. पोरं गप्प होतात, जुम्याला सफमध्ये उभी राहतात आणि मनानं केव्हाच निघून गेलेली असतात. त्यांना थांबवायचं असेल तर आधी ऐकून घ्यावं लागेल. ज्याचं उत्तर ठाऊक नाही तिथे ‘मला माहीत नाही’ म्हणावं लागेल. ते मौलाना साहेबांनी म्हणावं, आणि घरात अब्बा-अम्मीनंही. एवढं करून कुणी वेगळ्या वाटेनं गेलंच, तर तो हिशेब त्याचा आणि त्याच्या रबचा आहे. दीनमध्ये जबरदस्ती नाही हे आपण इतरांना नेहमी सांगतो, ते आपल्या उंबऱ्याच्या आतही लागू आहे.