मे महिन्यातल्या शाली

एसीचे तापमान २० अंशांच्या खाली आणि २८ च्या वर नेता येणार नाही अशी तरतूद आणण्याचा मनोदय केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जून २०२५ मध्ये जाहीर केला, तेव्हा विरोधाचा सूर लगेच उमटला. आमच्या खोलीत किती गारवा हवा, हे सरकारने का ठरवावे? घरापुरता हा प्रश्न रास्त आहे, त्यावर वाद घालता येईल. पण तोच आक्षेप कार्यालयांच्या वतीने घेतला जातो, तेव्हा तो मला मान्य नाही. कार्यालयात काम करणाऱ्याला तापमान निवडण्याचे स्वातंत्र्य होतेच कधी?

पुण्यात बाणेर किंवा खराडीच्या कुठल्याही काचेच्या इमारतीत मे महिन्यातल्या दुपारी डोकावून पाहा. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, आणि आत खुर्च्यांच्या पाठींवर शाली. कुणी स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून टाइप करत असते. कुणी डोक्यावरच्या झडपेला पुठ्ठा चिकटवलेला असतो. तक्रार केली की फॅसिलिटीवाल्यांचे उत्तर ठरलेले: "सेंट्रल आहे मॅडम, एका टेबलापुरतं बदलता येत नाही." हा गारवा शेकडो लोकांवर लादलेला आहे, आणि त्याची किंमत मोजणारे तर या इमारतीच्या बाहेरच आहेत.

थंडाव्यात डोके चांगले चालते, काम जास्त होते, असे एक समर्थन केले जाते. ते कुणाच्या शरीरावरून ठरले, ते पाहायला हवे. इमारतींतील सुखद तापमानाचे जगभर वापरले जाणारे गणित डेन्मार्कच्या ओले फांगर यांनी १९७० च्या सुमारास मांडले. त्यातला चयापचयाचा आकडा सरासरी पुरुषाचा आहे, स्त्रियांच्या बाबतीत तो प्रत्यक्षापेक्षा जास्त धरला जातो, हे नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये दाखवून दिले. आपल्याकडे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने पाच शहरांतल्या कार्यालयांची पाहणी झाली. आयात केलेल्या मानकांत बसते त्यापेक्षा जास्त तापमानातही भारतीय कर्मचारी सुखाने काम करतात, असे तिच्यातून निघाले. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने या पाहणीवर आधारलेले प्रतिमान स्वीकारलेही आहे. आणि जपान? तिथे २००५ पासून उन्हाळ्यात कार्यालये २८ अंशांवर ठेवायची आणि कोट-टाय घरी ठेवायचे, ही मोहीम सरकारनेच चालवली. जपानी माणूस कामात ढिला पडला, असे कुणी म्हणेल का?

मुंबईकरांचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, जीव कासावीस होतो, हे अगदी खरे. पण घाम वाळायला हवा कोरडी आणि हलती लागते. ती १८ अंशांची असावी लागत नाही. २६ वर लावलेला एसी हवेतला ओलावा काढतोच, आणि वर पंखा फिरत असला की अंगाला दोन-तीन अंशांचा फरक सहज जाणवतो. नव्या बीएलडीसी पंख्याला साधारण ३० वॅट लागतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एसीचा प्रत्येक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. असे असताना नव्या कार्यालयांतून पंखेच हद्दपार झाले आहेत, कारण छत मोकळे दिसायला हवे.

काचेचे समर्थनही असेच तकलादू आहे. काचेमुळे उजेड येतो, दिव्यांची वीज वाचते म्हणतात. पश्चिमेच्या काचेतून दुपारनंतर ऊन थेट टेबलावर आणि स्क्रीनवर येते. मग पडदे ओढले जातात आणि दिवसभर ओढलेलेच राहतात. आत दिवे लागतात ते लागतातच. म्हणजे ऊन काचेने आत घेतले, उजेड पडद्याने अडवला, आणि दोन्हींचे बिल आले. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या ठरावीक मार्गाने जायचे तर बाहेरच्या भिंतीत खिडक्यांचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंतच ठेवावे लागते. ही मर्यादा उगाच आलेली नाही. खोल छज्जा, व्हरांडा, जाळी या गोष्टी आपल्या गवंड्यांना ठाऊक होत्या. लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये विटांच्या जाळ्यांतून उजेड आणि वारा दोन्ही आत आणले.

जुन्या गोष्टी आजच्या आयटी कंपनीला कशा चालतील, असे विचारणाऱ्यांसाठी हैदराबादजवळच्या पोचारमचा दाखला आहे. इन्फोसिसने तिथे एक इमारत मुद्दाम दोन सारख्या भागांत बांधली. एका भागात नेहमीचे वातानुकूलन, दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून फिरणारे थंड पाणी. दुसऱ्या भागाला वातानुकूलनासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. वर्षभर मोजलेले आकडे होते ते, जाहिरातीतले नव्हेत. लॉबीत लावलेल्या हरित इमारतीच्या पाटीपेक्षा मला असे मोजमाप जास्त मोलाचे वाटते, कारण बहुतेक प्रमाणपत्रे इमारत कशी आखली ते पाहून मिळतात. ती पुढे कशी वापरली जाते, ते ज्याचे त्याच्यावर राहते.

आमचे बिल आम्ही भरतो, हा शेवटचा युक्तिवाद. महाराष्ट्राची बहुतांश वीज अजूनही कोळशावर होते. त्यातला मोठा वाटा विदर्भाचा, आणि एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. ज्या चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथली माणसे राख, धूर आणि खाणींची धूळ सोसतात, आणि ती वीज पुण्या-मुंबईत माणसांना शाल पांघरायला लावण्यासाठी जळते. बिल भरल्याने हा अन्याय फिटत नाही. शिवाय एसी उष्णता नाहीशी करत नाही, बाहेर फेकतो. त्या गरम झोतासमोर गेटवरचा वॉचमन आणि रस्त्यावरचा भाजीवाला उभा असतो.

म्हणून मागण्या सांगतो. सर्व्हर रूम आणि शस्त्रक्रियागृह सोडून कार्यालयांत तापमान २६ च्या खाली नको, आणि डोक्यावर पंखे हवेत. उन्हाळ्यात सुती, सैल कपड्यांना परवानगी हवी, साहेबांसकट सगळ्यांना. प्रवेशद्वाराशी वर्षभरात दर चौरस मीटरला किती युनिट वीज लागली, तो आकडा लिहावा. ब्युरोचे कार्यालयांसाठीचे तारांकन त्याच मापावर चालते, त्यामुळे हिशेब अवघड नाही. आणि नव्या इमारतीचा नकाशा मंजुरीला येईल तेव्हा पालिकेने पहिला प्रश्न पश्चिमेच्या भिंतीबद्दल विचारावा. तिथे काच असेल, तर तिच्यावर सावली कशाची, ते नकाशातच दाखवून घ्यावे. नंतर पडदे लावून ते भरून निघत नाही.