बटाट्याची साखळी आणि शेतकऱ्याच्या हातातली कडी



कापूस-ज्वारीवाल्यांच्या या पत्रकात बटाट्याचे काय काम, असे कोणी विचारील. आपल्या कोरडवाहू रानात बटाटा लावा, असे सांगायला आम्ही हा लेख लिहिलेला नाही. कारण वेगळे आहे. अलीकडे शेतीखात्याच्या प्रत्येक सभेत ‘मूल्यसाखळी’ हा शब्द ऐकू येतो. साखळी मजबूत करा, साखळीत सामील व्हा, मग भाव आपोआप मिळेल, असे सांगितले जाते. कापसाला आणि ज्वारीलाही आता हीच भाषा लावली जात आहे. तेव्हा ज्या पिकाची साखळी या देशात खरोखर उभी राहिली, त्या पिकाच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, हे एकदा तपासून घ्यावे. असे पीक म्हणजे बटाटा.

बटाट्याच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल जगात आपला नंबर लागतो. देशात वर्षाला पाच कोटी टनांहून अधिक बटाटा पिकतो. उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल, बिहार आणि गुजरात ही त्याची मोठी राज्ये. १९४९ पासून बटाट्यासाठी स्वतंत्र केंद्रीय संशोधन संस्था आहे. ती आज सिमल्याला आहे. देशातल्या शीतगृहांची निम्म्याहून अधिक जागा एकटा बटाटा अडवतो. नव्वदच्या दशकात मोठ्या हॉटेलांसाठी तळायचे बटाट्याचे काप परदेशातून येत. आज गुजरातेतले कारखाने तेच काप परदेशी पाठवतात. तेव्हा बटाट्याची साखळी झाली नाही, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

आता दुसरी बाजू पाहा. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासानुसार गिऱ्हाइकाने बटाट्यासाठी मोजलेल्या रुपयातले सुमारे ३७ पैसे शेतकऱ्याच्या हाती जातात. बाकीचे ६३ पैसे सगळे चोरीचे आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. वाहतूक, शीतगृहाचे भाडे, निवड, सड, किरकोळ दुकानदाराचा खर्च हे सारे त्यात आले. व्यापारी तेवढा चोर आणि सरकार तेवढे साव, हे शहरी पंडितांचे तत्त्वज्ञान आपले नाही. पण जानेवारी २०१८ मध्ये लखनौला विधानभवनासमोरच्या रस्त्यावर शेतकऱ्यांचे बटाटे ओतलेले साऱ्या देशाने पाहिले. एवढी शीतगृहे, एवढे कारखाने, एवढे संशोधन असताना ही वेळ का यावी?

आमचे उत्तर असे: साखळी मजबूत होणे आणि शेतकरी मजबूत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या कडीवर शेतकऱ्याला ‘या भावाने देत नाही, जा’ असे म्हणता येते, तेवढीच कडी त्याची. बाकीची साखळी दुसऱ्याची; तिच्यात तो फक्त बांधलेला असतो. बटाट्याची एकेक कडी हातात घेऊन पाहू.

बेण्याची कडी

बटाट्याचे बी म्हणजे बटाटाच. एकरी दहा-बारा क्विंटल बेणे लागते. समजा, बेण्याचा भाव क्विंटलला अडीच हजार रुपये धरला, तर लागवडीच्या दिवशीच एकरी २५ ते ३० हजार रुपये मातीत जातात. आपल्या कापसाच्या बियाण्याच्या पाकिटांशी हा आकडा ताडून पाहा. घरचे बेणे ठेवता येते, पण मावा कीड त्यात विषाणू सोडते आणि दर वर्षी उतारा घटत जातो. म्हणून तीन-चार वर्षांनी बेणे बदलावेच लागते.

पूर्वी चांगले बेणे थंड डोंगरातूनच यायचे. १९६० च्या सुमारास आपल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढले, की उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर मावा कमी असतो. त्या दिवसांत बेण्याचे पीक घ्यावे आणि मावा वाढायच्या आत पाला कापून टाकावा. एवढ्या एका युक्तीने पंजाब-उत्तर प्रदेशाची मैदाने बेण्याचा प्रदेश झाली. साखळी मजबूत करणे याला म्हणतात. शेतकऱ्याच्या हाती ज्ञान दिले, ते त्याने वापरले.

आपल्याच पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार पावसाच्या पाण्यावर खरिपाचा बटाटा घेते. बेणे पंजाबातून मंचरच्या बाजारात येते, तिथून पठारावर जाते. बेणे महाग असो की स्वस्त, ते घ्यावेच लागते. वर पावसाचा भरवसा नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला हे दुखणे नवे नाही.

या कडीला कुलूप घालण्याचा प्रयत्नही झाला. २०१९ साली पेप्सिको कंपनीने आपल्या नोंदणीकृत वाणाचा बटाटा विनापरवाना लावला म्हणून गुजरातेतल्या शेतकऱ्यांवर दावे लावले. त्यांतल्या चौघांकडून प्रत्येकी एक कोटी रुपयांहून अधिक भरपाई मागितली. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याचे कलम ३९ स्पष्ट सांगते, की शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. फक्त छापील नावाच्या पाकिटात घालून ते विकता येत नाही. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये त्या वाणाची नोंदणी रद्द झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रद्द करण्याचा तो निर्णय फिरवला. नोंदणी कोणाची, हे कोर्ट पाहील. शेतकऱ्याचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे, हे आपण विसरता कामा नये. नवे वाण, नवे तंत्र आम्हांला हवेच आहे. पण ते दाव्याच्या धाकाने नको.

कोठीची कडी

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी ज्वारी पेवात जात असे. पेव भरलेला शेतकरी सुगीच्या पडत्या भावाला माल काढत नसे. थांबण्याची ताकद हीच त्याची पत. बटाट्याचे शीतगृह म्हणजे त्याच पेवाचा यंत्रावर चालणारा भाऊ. उत्तरेत फेब्रुवारी-मार्चमध्ये बटाटा निघतो आणि मागोमाग ऊन तापते. शीतगृहात ठेवला तर तो ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत टिकतो.

पण पेव स्वतःचे होते, शीतगृह दुसऱ्याचे आहे. पोत्यामागे भाडे चढत असते, शिवाय मालावर उचल घेतलेली असते. पुढच्या हंगामासाठी नोव्हेंबरअखेर कोठी रिकामी करावीच लागते. भाव भाड्याच्याही खाली गेला, की शेतकरी माल सोडवायला फिरकत नाही आणि मालक तो बाहेर ओतून देतो. २०१७ साली उत्तर प्रदेशात हेच घडले. मार्च २०२३ मध्ये भाव पुन्हा कोसळले, तेव्हा तिथल्या सरकारने क्विंटलला ६५० रुपयांनी खरेदी जाहीर केली. किलोला साडेसहा रुपये! खर्चही निघत नाही, अशी शेतकऱ्यांची ओरड झाली. बंगालमध्ये शीतगृहाच्या पावतीला ‘बॉन्ड’ म्हणतात. नड असलेला लहान शेतकरी तो लवकर विकून मोकळा होतो. पुढे भाव चढला, तर तेजी बॉन्ड घेणाऱ्याच्या घरात जाते. कोठी आहे, माल आहे, पण थांबण्याची ताकद नाही, म्हणून तेजीही आपली नाही.

कारखान्याची कडी

भाजीचा बटाटा दोन ते चार अंश थंडीत ठेवतात. त्या थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते आणि तळला की तो काळपट पडतो. वेफर्सच्या कारखान्याला असा माल चालत नाही. त्याला वेगळे वाण लागते, आणि ते दहा-बारा अंशांवर ठेवावे लागते. १९९८ साली आपल्या संशोधन संस्थेने चिपसोना नावाची वाणे काढली, ती याचसाठी. म्हणजे भाजीचा बटाटेवाला मंदीत आपला माल कारखान्याकडे वळवू शकत नाही. त्यासाठी लागवडीपूर्वीच करार करावा लागतो.

कराराला आमचा विरोध नाही. ठरलेला भाव, हातात चांगले बेणे, मळ्यापासून उचल, यांचा फायदा गुजरातेतल्या अनेक शेतकऱ्यांना झाला आहे. प्रश्न मालाच्या निवडीचा आहे. बाजार तेज असला की सगळा माल पास. बाजार पडला की आकार लहान, डाग फार, असे होण्याची भीती शेतकऱ्याच्या मनात कायम असते. कापूसवाल्याला हे समजावून सांगायला नको. ग्रेडरचा हात आपण ओळखतो. आजही कापूस निगमाच्या केंद्रावर आठ टक्क्यांच्या वर ओल भरली की भाव कापला जातो आणि बाराच्या वर गेली की गाडी परत.

नाकाबंदीची कडी

या तिन्ही कड्या सांभाळून शेतकरी तेजीपर्यंत पोचलाच, तर शेवटी सरकार उभे असते. २०१४ साली आणि पुन्हा २०२४ साली बंगाल सरकारने बटाटा परराज्यांत जाण्यावर बंदी घातली; नाक्यांवर ट्रक अडले. का? तर कलकत्त्यात बटाटा स्वस्त मिळावा म्हणून. २०२० च्या शेवटी बटाटा महागला, तेव्हा दिल्ली सरकारने दहा लाख टनांपर्यंतच्या आयातीवरची जकात ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली. २०१७ साली बटाटा ओतला जात होता, तेव्हा एवढी तातडी कोणी दाखवली नव्हती.

आपल्याला यात नवे ते काय? १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी आली. शेजारच्या राज्यात चार पैसे जास्त मिळत असले तरी सीमेवर पोलीस उभे. स्वतःच्या कापसाचा शेतकरी तस्कर ठरला, आणि इकडे चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने खेटे. ती मक्तेदारी २००० नंतरच्या काही वर्षांत संपली, पण खोड गेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये, वेचणी तोंडावर आलेली असताना, रुईवरची ११ टक्के आयात जकात वर्षअखेरपर्यंत माफ झाली. गिरण्यांची कडी मजबूत झाली. आपल्या कडीवर घण पडला.

मग आपण काय मागायचे?

आम्हांला साखळी नको आहे, असे नाही. पण जिल्हा बैठकीत जो कोणी अधिकारी किंवा कंपनीचा माणूस मूल्यसाखळीची योजना घेऊन येईल, त्याला चार प्रश्न विचारायचे.

पहिला: बियाणे ठेवण्याचा, बदलण्याचा आणि हवे ते तंत्र निवडण्याचा आमचा हक्क शाबूत राहणार काय?

दुसरा: गोदामाची पावती आमच्या नावाची असेल काय, आणि तिच्यावर वेळेत कर्ज मिळेल काय?

तिसरा: भाव आधी लेखी ठरेल काय, मालाची निवड आमच्यासमोर होईल काय, नापास माल दुसरीकडे विकायची मोकळीक राहील काय, आणि चुकारा किती दिवसांत?

चौथा: भाव चढला की प्रांतबंदी, साठ्यावर मर्यादा किंवा अचानक आयात येणार नाही, याची हमी कोण देणार?

पहिल्या तीन प्रश्नांचे उत्तर योजनेत असू शकते. चौथ्याचे फक्त सरकारकडे आहे, आणि ते मागून मिळत नाही, मिळवावे लागते.

सरकारची वाट न पाहता करण्यासारखेही काही आहे. शेतमाल तारण योजना आपल्याकडे १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात तूर, सोयाबीन ठेवून मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने उचलता येते. आपल्या गावातले किती जण ती वापरतात? आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का? बैठकीला येण्यापूर्वी एवढी चौकशी प्रत्येकाने करून यावी.

दुसरी गोष्ट कापसाची. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. पाच-दहा घरांनी मिळून मजुरी देऊन कापूस पिंजून घेतला आणि रुई व सरकी वेगळी विकली, तर काय उरते, हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. घरात कापूस साठवून अंगाला खाज सुटण्यापेक्षा गाठ बांधून ठेवलेली बरी. नफा झालाच पाहिजे असे नाही. पण आपला कापूस कुठे किती पैशाचा होतो, ते तरी कळेल. ज्याला हे कळते, त्याला सौद्यात फसवणे अवघड जाते.

बटाटेवाल्या भावांची साखळी आपल्यापेक्षा लांब आहे, तरी तिच्या शेवटी त्यांना माल रस्त्यावर ओतावा लागला. आपली साखळी अजून घडायची आहे. ती घडवताना पहिला घाव आपला असू द्या.