भिंतीची भेग आणि घरचा हिशेब

३० ऑक्टोबर २०२२ चा रविवार अमरावतीकर अजून विसरलेले नाहीत. दिवाळी नुकतीच आटोपली होती आणि प्रभात चौकातली एक जुनी, जीर्ण इमारत दुपारी कोसळली. ५ जणांचा जीव गेला. मग पुढचे काही दिवस चूक कोणाची, यावर घरोघरी चर्चा झाली. पण आपल्या घराच्या भिंतीकडे किती जणींनी पाहिलं? प्रत्येक भेगेने घर पडत नाही, हे खरं. पण घर बिघडायला लागलं की ते आधी सांगतं, आणि ऐकायला घरात आपणच असतो.

मी ऐकलं नव्हतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघाली होती. तीन दिवाळ्या आम्ही ती पुट्टीने बुजवली, वरून रंग दिला आणि निश्चिंत झालो. चौथ्या वर्षी मागचं दार लागेना. तेव्हा मिस्त्रीकाका म्हणाले, "बाई, पुट्टी भरून काय होते? पायात पाणी मुरून राह्यलं. ते बंद करा पयले." धुण्याच्या जागेचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीच्या कडेलाच जिरत होतं. वेळेवर पाइप बदलला असता तर चार-पाच हजारांत भागलं असतं. शेवटी भिंतीचा तो भाग उकलून पुन्हा बांधावा लागला, आणि मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. 'घर पहावे बांधून' म्हणतात, पण बांधल्यावर सांभाळावंही लागतं, हे तेव्हा कळलं.

यात आपल्या वऱ्हाडच्या मातीचाही वाटा आहे. जी काळी कसदार जमीन आपल्याला कापूस देते, तीच घराच्या पायाला त्रास देते. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेताला पडलेल्या भेगा आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. पाया उथळ असला की तोही या मातीसोबत वर-खाली होतो. त्यातही सगळीकडे सारखा हलत नाही. जिथे पाणी मुरतं ती बाजू जास्त हलते, आणि भिंत तिरपी फाटते. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टाही आहे. तिथे ओलीबरोबर क्षार भिंतीत चढतात, लोणा लागतो, प्लास्टर फुगून गळतं.

म्हणून आधी भेग ओळखायला शिका. प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक रेघांनी घाबरायचं कारण नाही. पण दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढणारी भेग, अचानक अडकणारं दार, खचलेली फरशी यांकडे दुर्लक्ष करू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहा. दर महिन्याला बघा. भेग खुणेच्या पुढे गेली, भिंतीच्या आरपार दिसली किंवा खांब-तुळईला पडली, तर मिस्त्रीवर न थांबता अभियंत्याला दाखवा.

सुरुवातीलाच लक्ष दिलं तर पुष्कळदा पाण्याची वाट बदलण्यावर काम भागतं. गच्चीचा पाइप पायथ्याशी न सोडता लांब न्यावा. न्हाणीचा, मोरीचा गळका पाइप लगेच बदलावा. शोषखड्डा भिंतीला लागून नको, मोठं झाडही नको. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन काँक्रीटचा पट्टा करून घ्यावा, म्हणजे पावसाचं पाणी जोत्याशी मुरत नाही. नवं घर बांधायचं असेल तर मातीची तपासणी आधी करा. काळ्या मातीत खाली फुगीर बुडाचे खांब घेऊन पाया घालण्याची पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली आहे. आपल्या जागेला ती लागेल का, हे अभियंत्याला विचारा.

भाड्याने राहणाऱ्या बहिणींनीही गप्प बसू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार घर दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांच्या वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावी. नोटिशीची प्रत आणि पावत्या जपून ठेवा.

खरी अडचण पुढेच आहे. बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की बाया म्हणतात, "सांगतलं होतं ताई, पण ऐकते कोण?" टीव्हीला पैसे निघतात, लग्नातल्या मानपानाला निघतात, पायाला निघत नाहीत, कारण पाया पाहुण्यांना दिसत नाही. दिवसभर त्या भिंतीआड आपण आणि आपली लेकरं राहतो. तेव्हा हिशेबात हा खर्च मांडण्याचा हक्कही आपलाच आहे. यंदा रंगाचा डबा आणण्याआधी एकदा घराभोवती चक्कर मारा, आणि पाणी कुठे मुरतंय ते बघा.