ढगांखालचे डोंगर आणि अपस्माराचा सोबती

डॉक्टरांनी रुग्णाला तपासून ‘आता तुम्ही चित्रे काढा’ असे सांगावे, हे आपल्याला थट्टेचेच वाटेल. वेल्सचे निसर्गचित्रकार किफिन विल्यम्स यांच्या बाबतीत ते खरोखर घडले. १९१८ साली अँगलसी बेटावर जन्मलेले विल्यम्स तरुणपणी सैन्यात अधिकारी होते. तेथे त्यांना अपस्मार असल्याचे निदान झाले आणि १९४१ मध्ये सेवेतून मुक्त करण्यात आले. तुम्ही काही चारचौघांसारखे नाही, तेव्हा चित्रकलेकडे वळलात तर बरे, अशा आशयाचे उद्गार डॉक्टरांनी काढले. हे शब्द आजच्या कोणत्याही डॉक्टरांनी उच्चारू नयेत असेच आहेत. सल्ला मात्र लाखमोलाचा ठरला. त्याच वर्षी विल्यम्स स्लेड कलाशाळेत दाखल झाले.

त्यांना रंगवायचे होते ते घरासमोरचे डोंगर. अँगलसी बेट बरेचसे सपाट आहे; पण अरुंद सामुद्रधुनीपलीकडे एरिरीची रांग एकदम उभी राहते. तिचे सर्वोच्च शिखर १०८५ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून साडेपाचशे मीटरनी बुटके! तरीही समुद्रावरून येणारा ओला वारा थेट या कड्यांवर आदळतो, आणि तेथील हवामान घटकेत पालटते. आता दिसणारे शिखर पाहता पाहता धुक्यात बुडते. तेवढ्यात ढग फाटून उन्हाची एक तिरीप कुठल्याशा दगडी कुंपणावर उतरते, आणि शेजारचा कडा अधिकच काळा भासू लागतो. विल्यम्स उघड्यावर बसून शाईने रेखाटने करीत आणि नंतर चित्रशाळेत, कुंचल्याऐवजी रंगपट्टीच्या सुरीने तैलरंगांचे जाड थर कॅनव्हासवर थापीत. त्यांच्या चित्रांतला खडक हाताला लागेल असा वाटतो. करडा, गर्द हिरवा, काळा हे त्यांचे रंग; निरभ्र निळे आकाश क्वचितच. वाऱ्याला पाठ देऊन वाकलेला शेतकरी आणि त्याचा कुत्रा मात्र अनेकदा भेटतात.

एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी. १९४४ ते १९७३ अशी जवळजवळ तीस वर्षे ते लंडनमधील एका शाळेत कला शिकवीत होते. डोंगर शेकडो किलोमीटर दूर! सुट्टीत केलेली रेखाटने आणि आठवण, एवढ्या शिदोरीवर शहरातल्या खोलीत वेल्सचे ढग उतरत राहिले. गाव सोडून मुलांच्या सदनिकेत राहायला आलेल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे ते सामुद्रधुनीच्या काठी परतले आणि वयाच्या ऐंशीनंतरही चित्रे काढीत राहिले. २००६ साली, ८८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अपस्मार आयुष्यभर सोबत होता; डोंगरही.

आपल्याकडे घरात कोणाला आकडी येते असे कळले, की पहिले बंद होते ते दार. ‘बाहेर पडू नका, गच्चीवर जाऊ नका.’ भीती निराधार नसते: अपस्मार असलेल्यांनी एकट्याने उंच कड्यावर वा पाण्यात जाऊ नये, हे खरेच. पण सोबतीने टेकडीच्या पायथ्याशी जाणे आणि वर्षभर पलंगावर पडून राहणे, यांत फार मोठे अंतर आहे.

उतारवयातही अपस्मार नव्याने सुरू होऊ शकतो. पक्षाघातानंतर त्याची शक्यता वाढते. प्रत्येक वेळी हातपाय झटकले जातातच असे नाही. आजोबा बोलता बोलता मिनिटभर शून्यात पाहतात आणि नंतर गोंधळतात. घरचे त्याला विसरभोळेपणा समजतात. असे वारंवार दिसल्यास वेळ लिहून ठेवा, जमल्यास मोबाइलवर चित्रण करा आणि डॉक्टरांना दाखवा. आकडी आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा नको, पाणी नको, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवणे तर नकोच. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्ध येण्याआधी पुन्हा आला, तर तत्काळ रुग्णालय गाठा. औषधे आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत.

आणि ज्यांना खरोखरच घराबाहेर नेता येत नाही, त्यांची खुर्ची दूरदर्शन संचाकडून खिडकीकडे वळवा. आभाळ भरून आले की पडदे ओढून घेण्याची घाई नको. पाहण्यासारखे काही घडते ते तेव्हाच. त्यांच्या गावचा डोंगर पावसाआधी कसा दिसे, ढग कोणत्या बाजूने चढत, हे विचारा. हात थरथरत असला तरी कागद आणि जाड पेन्सिल जवळ असू द्या.