ताटापुढची लॅटिन

गेल्या महिन्यात धर्मग्रामातील एका घरी जेवायला बसलो होतो. यजमानांच्या दहा वर्षांच्या मुलाने हात जोडून भोजनापूर्वीचा लॅटिन आशीर्वाद ग्रेगोरियन चालीवर गायला आरंभ केला. एक पाहुणे हसून म्हणाले, "हे कोणाला कळते? विश्वपरिषदेने लॅटिन केव्हाच बंद केली." मूल गप्प झाले. मीही गप्प राहिलो. ती माझी चूक. म्हणून आज लिहितो.

परिषदेने लॅटिन बंद केलेली नाही. उपासनेविषयीच्या १९६३ च्या दस्तऐवजातील ५४ वे कलम उघडून पाहावे: भाविकांना मिस्सेतील आपल्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही म्हणता वा गाता यावेत, असे तेथे सांगितले आहे. १९७४ साली पोप सहावे पॉल यांनी सोप्या लॅटिन गीतांची पुस्तिकाच जगभरच्या बिशपांना पाठवली. मग घरातल्या ताटापुढे लॅटिन वर्ज्य कशी?

राहिला अर्थाचा प्रश्न. 'आमेन' आणि 'हालेलुया' हे हिब्रू शब्द. त्यांवाचून आपले कधी अडले का? या आशीर्वादाचा अर्थ तर पाच मिनिटांत समजावता येतो.

मात्र लॅटिन मिरवणाऱ्यांनाही सांगणे आहे. फादर स्टीफन्स लॅटिन उत्तम जाणत होते, तरी १६१६ साली छापलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत आहे. आजीची मराठी प्रार्थना हुसकावून लावणारी लॅटिन ही भक्ती नव्हे, तो तोरा होय. आधी मराठीत प्रार्थना करा, मग लॅटिनमध्ये गा. पण गाणाऱ्या लेकराला हसू नका.