७.६ नंतर

सप्टेंबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी शेवटाकडे आली होती आणि भारताचा स्वप्निल कुसाळे आघाडीवर होता. उभ्याने नेम धरायचा टप्पा सुरू होता, मोजक्याच गोळ्या उरल्या होत्या. त्यातली एक ७.६ वर बसली. या पातळीवरचा नेमबाज सहसा दहाच्या आसपासच असतो, तिथे ७.६ म्हणजे कोसळणंच. पहिल्या क्रमांकावरचा स्वप्निल चौथा झाला. त्याच दिवशी ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि अखिल शेवरान यांच्या जोडीने त्याने सांघिक सुवर्ण जिंकलं होतं, पण वैयक्तिक पदक हातातोंडाशी येऊन निसटलं. आदल्या वर्षी कैरोच्या जागतिक स्पर्धेतही तो चौथाच होता.

लागोपाठ दोन वर्षं चौथा आलेला माणूस पुढच्या स्पर्धेत काय घेऊन उतरतो, हे जाणून घेण्यासारखं आहे. कारण नेमबाजी हा असा खेळ आहे, जिथे अपयशाची भीती थेट कागदावर उमटते.

या प्रकारात लक्ष्य ५० मीटरवर असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. रायफलचं वजन आठ किलोपर्यंत जाऊ शकतं. गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभं राहून गोळ्या झाडायच्या. उभ्याने सर्वांत कठीण, कारण कशाचाच आधार नसतो. शरीर किंचित डोलतं, श्वासाबरोबर नळी वर-खाली होते, हृदयाचा ठोकासुद्धा तिला हलवतो. रायफल पूर्ण स्थिर होत नाही, कोणाचीच होत नाही. तयार नेमबाज हे डोलणं मान्य करतो, ते लहान होईपर्यंत थांबतो आणि त्या लयीतच ट्रिगर हळूच दाबतो. ‘ही गोळी दहावरच बसली पाहिजे’ असं मनात आलं की बिघडायला सुरुवात होते. तो आणखी जरा थांबतो. डोळा शिणतो, रोखलेला श्वास कमी पडू लागतो, पाठ आणि खांदे कुरकुरतात. मग बोट घाई करतं आणि ट्रिगरला झटका बसतो. निकालाची ओढच निकाल बिघडवते, आणि यात गूढ असं काही नाही. शरीर तसंच चालतं.

याच खेळातला अमेरिकेचा मॅट एमन्स हे दुःख पुरतं जाणतो. अथेन्स २००४ मध्ये याच प्रकाराच्या अंतिम फेरीत तो तीन गुणांनी पुढे होता. शेवटची गोळी त्याने शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर झाडली. शून्य गुण, आठवा क्रमांक. चार वर्षांनी बीजिंगमध्ये पुन्हा तीच फेरी, पुन्हा आघाडी, पुन्हा शेवटची गोळी. नेम लक्ष्यावर येतो न येतो तोच ट्रिगर दाबला गेला आणि गोळी ४.४ वर गेली. या वेळी चौथा. मधल्या काळात थायरॉइडच्या कर्करोगाशी दोन हात करून तो २०१२ मध्ये लंडनला आला. शेवटची गोळी या वेळीही हुकली, नेमकी ७.६ वर, पण कांस्यपदक राहिलं. पदकाची हाव एवढंच कारण असतं, तर बीजिंगनंतर त्याने रायफल माळ्यावर टाकली असती. तो पुन्हा रेंजवर गेला, याचं कारण त्याला नेम धरायला आवडत होतं. दुसरं कुठलंही कारण इतक्या वर्षांचा सराव पेलू शकत नाही.

या सरावाचा मोठा भाग बाहेरच्यांना ठाऊकच नसतो. नेमबाज दिवसचे दिवस ड्राय फायरिंग करतात, म्हणजे गोळी न भरता नेम धरायचा, श्वास सोडायचा, ट्रिगर दाबायचा आणि त्यानंतरही क्षणभर तसंच स्थिर राहायचं. टक् असा आवाज येतो, बस. कागदावर भोक नाही, गुण नाहीत, टाळ्या नाहीत. ट्रिगर सुटला तेव्हा नळीचं टोक कुठे होतं, पायावरचा भार किंचित पुढे गेला होता का, गाल रायफलवर नेहमीच्याच जागी टेकला होता का, एवढंच बघायचं. ज्याला यात रस वाटतो, तोच हा खेळ पुढे नेऊ शकतो. हरण्याची भीती इथे आपोआप पातळ होते, कारण या सरावात हरण्यासारखं काही ठेवलेलंच नाही.

अभिनव बिंद्राची गोष्ट एमन्सच्या दुसऱ्या टोकाची. अथेन्समध्ये १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी त्याने तिसऱ्या क्रमांकावरून सुरू केली आणि सातव्यावर संपवली. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये शेवटच्या नेमाला १०.८ गुण घेऊन त्याने भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. हे सर्वांना पाठ आहे. त्यानंतरचं कमी सांगितलं जातं. आयुष्यातलं सर्वांत मोठं संकट अपयशाने नव्हे तर यशानंतर आलं, असं तो स्वतः उघडपणे सांगत आला आहे. एकाच ध्येयासाठी वर्षानुवर्षं जगलेल्या माणसाला ते गाठल्यावर पुढे काय हे कळेना, मन खचलं. हरलेल्यांना कामातला आनंद लागतो, हे सगळेच मान्य करतील. जिंकलेल्यालाही त्यावाचून तरणोपाय नाही, हे बिंद्राने दाखवलं. तो खेळत राहिला. रिओ २०१६ मध्ये युक्रेनच्या सेरही कुलिशविरुद्धच्या शूट-ऑफमध्ये हरून चौथा आला.

तोच कुलिश १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत स्वप्निलसोबत होता. नेमबाजी पॅरिसपासून दूर, शातोरू इथे होती. स्वप्निल ५९० गुणांसह सातवा येऊन फेरीत पोहोचला होता. गुडघ्यावरच्या टप्प्यानंतर सहावा, झोपून नेम धरल्यानंतर पाचवा. मग उभ्याचा टप्पा, हांगझोऊत घात झाला होता तोच. सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं, फक्त काळा चहा घेतला होता, पोटात ढवळत होतं; हे त्याने नंतर पत्रकारांना मोकळेपणाने सांगितलं. गुणफलकाकडे मात्र पाहिलं नाही. लक्ष श्वासावर होतं. भीती गेली नव्हती, तिच्या हाती बोट दिलं नव्हतं इतकंच. एकूण ४५१.४ गुण, कांस्यपदक. सुवर्ण चीनच्या लिउ युकुनला, रौप्य कुलिशला. या प्रकारातलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं पहिलं वैयक्तिक.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा असलेला स्वप्निल २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. पुढे त्याला प्रशिक्षक लाभल्या त्या दीपाली देशपांडे, ज्या स्वतः अथेन्सला ऑलिंपिक खेळल्या होत्या. महेंद्रसिंग धोनीला तो मानतो, आणि त्याचं एक कारण जवळचं आहे: धोनी खरगपूरला रेल्वेत तिकीट तपासनीस होता, स्वप्निल मध्य रेल्वेत. निकालापेक्षा प्रक्रियेकडे बघा, हे धोनीने कर्णधार असताना इतक्यांदा सांगितलं की ते घरोघरी पोहोचलं.

घरोघरी पोहोचलं, पण रुजलं का? पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलाला ‘अभ्यास एन्जॉय कर’ असं सांगणं सोपं आहे. त्याचं वय चाललेलं असतं, गावाकडे जमिनीचा तुकडा विकलेला असतो, एका गुणाने यादीबाहेर राहिलं तर हाती काहीच उरत नाही. अशा मुलाची भीती हा त्याच्या स्वभावाचा दोष नाही. त्याच्या समोरचा धोका खरा आहे. त्याला कामात रमायला सांगण्याआधी, पडला तर पाय टेकायला जमीन आहे की नाही, हे बघायची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते. स्वप्निलला ती जमीन मिळाली होती. हांगझोऊ किंवा कैरोहून वैयक्तिक पदकाविना परतताना त्याला पुढच्या महिन्याच्या पगाराची चिंता नव्हती; चौथं येणं त्याला परवडत होतं. रेल्वेतली नोकरी त्याला ऑलिंपिक पदकाचं बक्षीस म्हणून मिळालेली नाही. ती २०१५ मध्ये मिळाली, पदकाच्या नऊ वर्षं आधी.